नाण्यांतला दोष कीं डोळ्यांतला?



ह्या पानावर मी आजवर बहुधा व्याकरण, सणवार आणि जुन्या म्हणी ह्यांविषयींच लिहीत आलों आहें. ह्या महिन्याचा विषय निराळा आहे, आणि त्याला निमित्त झाली ती चूक माझीच आहे. उभा जन्म दुसऱ्यांच्या वह्यांतील चुकांखालीं लाल रेघा ओढणाऱ्या मास्तरानें एखादी रेघ आपल्याहि चुकीखालीं चारचौघांदेखत ओढावी, हें न्यायाचेंच होय. शिवाय ह्या चुकीपासून जें शिकावयास मिळालें तें, ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची नाण्यांची डबी आहे अशा प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले. बँकेंत कारकुनी करून त्यांनीं संसार नेटका केला. व्यसन म्हणाल तर एकच, नाणीं जमविण्याचें. एका पत्र्याच्या डब्यांत कागदाच्या पुड्या, प्रत्येक पुडीवर बारीक सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी, असा त्यांचा संग्रह होता. त्यांतील त्यांचें लाडकें नाणें म्हणजे महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ सालीं भारत सरकारनें काढलेलें चांदीचें दहा रुपयांचें. वजन १५ ग्रॅम, आणि त्यांत शेंकडा ८० भाग चांदी. एका अंगाला गांधीजींचा मुखवटा व त्यांच्या जन्ममृत्यूचीं सालें, दुसऱ्या अंगाला अशोकस्तंभाचे सिंह. तेंहि साधें नव्हे, तर संग्राहकांसाठीं निराळें काढलेलें, ज्याला प्रूफ नाणें म्हणतात त्यांपैकीं. पारदर्शक गोल डबींत त्यांनीं तें जिवापाड जपलें होतें.

गेल्या उन्हाळ्यांत भाच्यानें त्या नाण्याचें छायाचित्र मोबाइलवर पाठविलें आणि लागलीच फोन केला. “मामा, १८६९ मधला नऊ नीट पाहा. दोनदां उमटला आहे ना?” मीं चष्मा पुसून पाहिलें. नऊच्या डाव्या अंगाला दुसरा एक पुसट नऊ खरोखरच दिसत होता. नाण्यांविषयींचीं दोनचार पुस्तकें मीं वाचलीं आहेत. दुहेरी ठशाच्या नाण्यांना संग्राहक मोठी किंमत देतात हें मला ठाऊक होतें. विचारलें कीं उत्तर द्यावयाचें, ही मास्तरकीची जुनी खोड. मीं तेथल्या तेथें सांगून टाकलें, “होय, दुहेरी ठसा आहे. नाणें दुर्मिळ दिसतें.”

ह्या दोन वाक्यांचें पुढें काय झालें तें ऐका. भाच्याच्या मुलीला इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता, आणि फी भरण्याची मुदत जवळ आली होती. त्यानें कोल्हापूरच्या एका हौशी संग्राहकांना तें छायाचित्र पाठविलें व “आमचे मामा जाणकार आहेत, त्यांनीं पाहिलें आहे” असें कळविलें. त्या गृहस्थांनाहि दुसरा नऊ दिसला. दीड लाखाला सौदा ठरला, पंचवीस हजारांचा बयाणा आला, आणि तो फीच्या पहिल्या हप्त्यांत गेलाहि. उरलेले पैसे नाणें हातीं पडल्यावर द्यावयाचे होते. मात्र त्यापूर्वीं मामांचें मत दोन ओळींत लिहून मिळावें, एवढीच त्यांची विनंती होती. तेवढ्यासाठीं बहीण आणि भाचा नाणें घेऊन साताऱ्यास आमच्या घरीं आलीं.

संध्याकाळची वेळ होती. मीं पडवींत कागद मांडला, भिंग काढलें आणि मजकुराची जुळवाजुळव करूं लागलों. उजेड कमी म्हणून माझी दहा वर्षांची नात मोबाइलचा दिवा धरून जवळ उभी राहिली. तिचा हात अवघडला, म्हणून तिनें दिवा डाव्या हातांतून उजव्या हातांत घेतला, आणि एकदम ओरडली, “आजोबा, दुसरा नऊ पळाला!”

मीं पाहिलें. डावीकडचा पुसट नऊ नाहींसा झाला होता, आणि उजवीकडे तसाच एक नवा उगवला होता. दिवा पुन्हां डावीकडे नेला; तो पुन्हां डावीकडे आला. नाणें जागच्या जागीं होतें. हलत होता तो दिवा, आणि त्याच्याबरोबर आमचा दीड लाखाचा दोष!

हें असें कां झालें, तें प्रथम सांगतों. प्रूफ नाणें करतांना कोरी चकती आधीं घासून लखलखीत करितात. ज्या सांच्यानें ठसा द्यावयाचा, त्याची सपाट जागा आरशासारखी गुळगुळीत करितात. चित्राचा व अक्षरांचा खोलगट भाग मात्र पुष्कळदां मुद्दाम खरखरीत ठेवितात. मग नेहमींपेक्षां अधिक दाबाखालीं, बहुधा एकाहून अधिक वेळां, ठसा देतात. त्यामुळें नाण्याची मोकळी जागा म्हणजे आरसाच होतो, आणि चित्र व अक्षरें दंव पडल्यासारखीं पांढुरकीं उठून दिसतात. आतां आरशावर जें उभें आहे त्याचें प्रतिबिंब पडावयाचेंच. घासून लख्ख केलेल्या तबकांत निरांजन ठेवलें कीं त्याच्या पायाशीं दुसरें निरांजन उलटें दिसतें. म्हणून तबकांत निरांजनें दोन आहेत असें कोणी म्हणत नाहीं. नाण्यावरील आंकड्याची उंची केसाएवढी असल्यामुळें तेंच प्रतिबिंब आंकड्याला चिकटून दिसतें, आणि आंकडा दोनदां उमटल्याचा भास होतो. दिवा डावीकडे असला कीं आंकड्याची डावी कड उजळते व तिचें प्रतिबिंब दिसतें. दिवा उजवीकडे नेला कीं ती कड अंधारांत जाते, तिचें प्रतिबिंब मावळतें आणि उजव्या कडेचें दिसूं लागतें. त्यांत नाणें पारदर्शक डबींत असेल तर डबीच्या आंतल्या पृष्ठभागावरूनहि प्रतिबिंब पडतें, आणि घोटाळा वाढतो.

मग खरा दुहेरी ठसा म्हणजे काय? टांकसाळींत प्रथम उठावाचा मूळ ठसा तयार करितात. त्याला हब म्हणतात. तो पोलादाच्या तुकड्यावर दाबून उलटा, खोलगट सांचा घडवितात; तोच डाय. पूर्वीं एका दाबांत चित्र पुरतें उमटत नसे. दाबानें पोलाद कठीण होई, म्हणून तें भट्टींत मऊ करून पुन्हां त्याच हबाखालीं धरावें लागे. ह्या दुसऱ्या वेळीं सांचा पहिल्या जागीं नेमका बसला नाहीं, जरासा वळला, तर सांच्यांतच अक्षरें दुहेरी कोरलीं जात. मग त्या सांच्याचें प्रत्येक नाणें तोच दोष, त्याच जागीं, तेवढाच घेऊन बाहेर पडे.

ह्याचें नामांकित उदाहरण अमेरिकेंतील १९५५ सालच्या लिंकनच्या मुखवट्याच्या एक सेंटचें आहे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळींतील असा एक सांचा नजरेंतून निसटला, आणि अदमासें २०,००० ते २४,००० नाणीं लोकांच्या हातीं गेलीं. त्यांवरील साल व अक्षरें इतकीं स्पष्ट दुहेरी आहेत कीं भिंगाची गरज पडत नाहीं. सांचा वळून बसल्यामुळें सगळीं अक्षरें एकाच फेऱ्याच्या दिशेनें सरकलेलीं आहेत, आणि कडेकडे तें सरकणें विशेष दिसतें. प्रूफ नाण्यांत असा दोष असूंच शकत नाहीं असेंहि नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९७१ सालच्या प्रूफ सेंटमध्यें खरे दुहेरी ठसे आढळले आहेत. म्हणून ‘प्रूफ आहे, तेव्हां भ्रमच असणार’ असा उलटा नियमहि करतां येत नाहीं. प्रत्येक नाणें तपासूनच पाहिलें पाहिजे.

ह्या दोहोंच्या मध्यें तिसराहि एक प्रकार आहे, आणि तो पुष्कळांना फसवितो. ठसा मारतांना सांचा यंत्रांत सैल असला तर उठलेलें अक्षर निघतां निघतां किंचित् घसटलें जातें. त्याच्या एका बाजूला सपाट पायरीसारखा भाग दिसतो. ही घसट खरी आहे, दिव्याबरोबर ती हलत नाहीं. पण ती सांच्यांत कोरलेली नसते, नाण्यागणिक ती कमीजास्त होते, आणि संग्राहक तिला सहसा किंमत देत नाहींत. खऱ्या दुहेरी ठशांत अक्षर रुंदावतें, त्याच्या टोंकांशीं खांच पडून दोन टोंकें निरनिराळीं दिसतात. घसटींत मूळ अक्षराचीच रुंदी खाल्ली जाऊन तें बारीक होतें. एवढा भेद ध्यानांत ठेवला तरी पुष्कळ काम भागतें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. ज्या शास्त्राच्या जोरावर मीं चाळीस वर्षें मुलांना शिकविलें, त्यांतलाच पहिला धडा मीं विसरलों होतों. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाचें लक्षण सांगतांना तें ज्ञान अव्यभिचारि असावें, अशी अट घातली आहे. म्हणजे वस्तूला सोडून भलतीकडे न जाणारें. आणि शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीं भ्रम म्हणजे काय हें समजाविण्यासाठीं लोकांच्या अनुभवांतील दोन दाखले घेतले आहेत: शिंपीच्या ठिकाणीं रुपें दिसणें, आणि एका चंद्राचे दोन दिसणें. एकांत रुपें, एकांत दुहेरीपणा! माझ्यापुढच्या नाण्यांत दोन्ही एकत्र आलीं होतीं, आणि हे दाखले मुलांकडून पाठ करून घेणारा मी तेथेंच चकलों. डोळ्यानें खोटें सांगितलें नव्हतें. प्रतिबिंब होतें, तें डोळ्याला दिसलें. तें प्रतिबिंब ‘नाण्याचा नऊ’ आहे असें ठरविलें तें मीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं नाणें पुन्हां पद्धतशीर तपासलें. ती पद्धत वाचकांच्या सोयीसाठीं क्रमानें देतों. घरीं कोणालाहि करतां येईल इतकी ती सोपी आहे.

पहिली कसोटी दिव्याची. नाणें मेजावर स्थिर ठेवावें, डोळाहि एका जागीं ठेवावा, आणि दिवा नाण्याभोंवतीं सावकाश फिरवावा. जें दिव्याबरोबर पालटतें तें दिव्याचें; जें पालटत नाहीं तें नाण्याचें. शास्त्रांतील ‘अव्यभिचारि’ ह्या शब्दाचा घरगुती अर्थ मला तरी ह्याहून चांगला सांगतां येणार नाहीं.

दुसरी कसोटी उजेड मऊ करण्याची. दिव्यापुढें पातळ पांढरा कागद धरावा, किंवा दिवसां उत्तरेकडील खिडकीपाशीं, ऊन नसलेल्या जागीं, नाणें पाहावें. चोहोंकडून सारखा उजेड आला कीं प्रतिबिंबाची धार जाते. कोरलेला दोष मात्र तसाच राहतो.

तिसरी कसोटी खोलीची. पांचपट ते दहापट मोठें दाखविणारें भिंग घेऊन नाणें किंचित् तिरपें धरावें. खरा दुसरा आंकडा नाण्याच्या पृष्ठावर उठलेला असतो. प्रतिबिंब हें आरशाच्या आंत, पृष्ठाच्या खालीं असल्यासारखें दिसतें. भिंग एका ठिकाणीं धरलें असतां आंकड्याचा माथा स्पष्ट दिसतो. प्रतिबिंब स्पष्ट होण्यासाठीं भिंग अंमळ खालीं न्यावें लागतें.

चौथी कसोटी तुलनेची. त्याच सालचें, त्याच प्रकारचें दुसरें नाणें मिळवून शेजारीं ठेवावें व दोन्ही एकाच दिव्यांत पाहावीं. एकावर दिसणारा पुसट आंकडा दुसऱ्यावरहि दिवा फिरवितांना येऊं-जाऊं लागला, तर संशय उरत नाहीं.

पांचवी गोष्ट कसोटी नव्हे, पथ्य आहे. नाणें कडेनेंच धरावें. आरशाला बोट लावूं नये. तें पुसूं नये, चिंच किंवा रांगोळी लावून घासूं तर मुळींच नये. दोष शोधण्याच्या नादांत चांगल्या नाण्याची माती करणारे लोक मीं पाहिले आहेत.

आणि ह्या सर्वांच्या आधीं एक गोष्ट: नुसत्या छायाचित्रावरून निदान करूं नये. छायाचित्रांत दिवा एकच, डोळा एकच, आणि दोन्ही जागीं खिळलेले. ज्या हालचालीनें भ्रम उघडकीस येतो तीच तेथें नाहीं. इतकेंच नव्हे, तर प्रूफ नाण्याची आरशासारखी जागा कॅमेऱ्याला कधीं काळीकुट्ट, कधीं पांढरीशुभ्र दिसते, आणि उजेड खालून आला तर उठावाचें चित्रहि खोलगट भासतें. कारण उजेड वरून येतो असेंच धरून चालण्याची आपल्या डोळ्यांची संवय आहे. मीं पाहिलें तें नाणें नव्हतेंच, नाण्याचें चित्र होतें. त्या चित्रांत नऊ दुहेरी आणि शेजारचा सहा एकेरी, हें पाहूनच मला शंका यावयास हवी होती.

खरा दोष कसा असतो, हें पाहण्याची संधीहि त्याच डब्यानें दिली. एका पुडींत गेंड्याच्या चित्राचें, पोलादी पंचवीस पैशांचें एक नाणें होतें. त्याच्या कडेची चंद्रकोरीएवढी कोर तुटलेली होती. लहान मुलानें कानशीनें घासलें असेल असें कोणासहि वाटावें. पण चिठ्ठीवर मेहुण्यांनीं लिहिलें होतें, “कोर तुटलेली चकती. समोरची कड पाहावी.” मीं समोरची कड पाहिली. तुटलेल्या कोरीच्या बरोबर समोर नाण्याची कड अस्पष्ट, जणुं पुसलेली होती. कारण असें कीं, पत्र्यांतून चकत्या कापतांना पत्रा पुरेसा पुढें सरकला नाहीं, तर नवी चकती आधींच्या भोंकावर थोडीशी चढते आणि तेवढी कोर कमी पडते. मग तिला कड चढविण्याच्या यंत्रांत त्या रिकाम्या जागीं दाब बसत नाहीं, आणि म्हणून समोरच्या बाजूलाहि कड नीट उठत नाहीं. घरीं कानशीनें घासणाराला समोरची ही खूण करतां येत नाहीं. खरा दोष एकटा कधींच नसतो. ज्या कारणानें तो घडला त्याच्या दुसऱ्याहि खुणा नाण्यावर राहतात. धूर पाहून अग्नि ओळखावा, तसाच हा प्रकार. हें नाणें दोषाचें आहे खरें, पण त्याची किंमत म्हणाल तर फारशी नाहीं. ‘खरें’ आणि ‘महाग’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत, हेंहि ह्या निमित्तानें मनावर ठसावें.

‘नसण्या’चा दोष त्याहून फसवा. अमेरिकेच्या १९९० सालच्या कांहीं प्रूफ सेंटवर सॅन फ्रान्सिस्कोची खूण असलेलें एस् हें अक्षर राहून गेलें. तो दोष खरा आहे आणि त्याला मोठी किंमतहि येते. परंतु फिलाडेल्फियाच्या साध्या सेंटवर त्या सालीं टांकसाळीची खूण नसणें हाच नियम होता. म्हणून आधीं नाणें प्रूफ आहे हें सिद्ध झालें, तरच अक्षर नसण्याला अर्थ. आपल्याकडेहि तसेंच आहे. मुंबईच्या जुन्या प्रूफ नाण्यांवर बी आणि अलीकडच्यांवर एम् हें इंग्रजी अक्षर असतें. तिच्याच रोजच्या नाण्यांवर लहानसा चौकट असतो. हैदराबादची खूण तारा, नॉयडाची ठिपका, आणि कलकत्त्याची खूण म्हणजे कांहींच नाहीं. सालाखालीं कांहींच नाहीं म्हणून ‘चुकीचें नाणें सांपडलें’ असें नाचणारे लोक खरें पाहतां कलकत्त्याचें अगदीं बिनचूक नाणें हातांत घेऊन नाचत असतात.

असो. परीक्षा झाली, निकाल लागला: नाणें अस्सल, प्रूफ अस्सल, दोष मात्र नाहीं. खरी अडचण पुढेंच होती.

भाचा बराच वेळ खालीं मान घालून बसला. मग म्हणाला, “मामा, त्यांनीं फोटो पाहून स्वतःच ठरविलें. आपण कांहीं रचलेलें नाहीं. आणि पैसे तर भरून झाले.” खोटें बोलणारा तो मुलगा नव्हे. पोरीच्या फीची काळजी त्याच्या तोंडून बोलत होती. खरें सांगावयाचें तर क्षणभर माझ्याहि मनांत आलें कीं, दोन ओळी लिहावयाच्याच नाहींत. लिहिलें नाहीं तर खोटें लिहिल्याचा दोष नाहीं. चाळीस वर्षांच्या मास्तरकीनंतर चूक कबूल करणें जड जातें, हें मला त्या दिवशीं कळलें.

तेवढ्यांत बहीण माजघरांतून बाहेर आली. तिच्या हातांत त्या नाण्याची चिठ्ठी होती. ती म्हणाली, “दादा, ह्यांनीं ह्यावर काय लिहिलें आहे तें वाच.” चिठ्ठीवर होतें: “१० रु., १९६९, गांधी शताब्दी, प्रूफ, मुंबई.” बस्स. दुहेरी ठशाचें नांव नाहीं. “तीस वर्षें दर दिवाळीला हें नाणें भिंगाखालीं घेऊन बसत असत. दोन नऊ असते तर ह्यांनीं लिहिलें नसतें का? ज्या डब्यांतल्या एकाहि चिठ्ठीवर खोटें नाहीं, त्यांतून पहिलें खोटें आपल्या हातून बाहेर जावयास नको.”

त्यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. दोन ओळींऐवजीं मीं कोल्हापूरच्या गृहस्थांना दोन पानांचें पत्र लिहिलें: दुहेरी ठसा नाहीं, प्रतिबिंब आहे, चूक भाच्याची नसून माझी आहे, न पाहतां मत दिलें ह्याबद्दल क्षमा असावी, बयाणा परत पाठवीत आहों. वर सांगितलेल्या कसोट्याहि त्यांत लिहिल्या. बयाण्याची रक्कम सगळी मीं द्यावी असें माझें म्हणणें होतें, कारण शब्द माझा होता. भाचा ऐकेना, शेवटीं बहिणीनें निवाडा दिला कीं निम्मी मामानें द्यावी, निम्मी भाच्यानें. माझी ठेव थोडी मोडली, त्याचा हप्ता थोडा लांबला. मुलगी महाविद्यालयांत जात आहे.

सौद्याच्या धांदलींत भाच्याला आणखी एक मासला अनुभवास आला. मोबाइलवर कोणा अनोळखी माणसानें ह्याच नाण्याला त्याहूनहि मोठी रक्कम देऊं केली, आणि आधीं ‘नोंदणी’ म्हणून कांहीं हजार भरावयास सांगितले. सुदैवानें त्यानें भरले नाहींत. रिझर्व्ह बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं पत्रक काढून जनतेस बजाविलें आहे कीं, जुन्या नोटा व नाणीं ह्यांच्या खरेदीविक्रीशीं बँकेचा संबंध नाहीं, ती त्यासाठीं कसलीहि फी किंवा दलाली मागत नाहीं, आणि आपल्या वतीनें तशी मागण्याचा अधिकारहि तिनें कोणास दिलेला नाहीं. विकणाराकडूनच आधीं पैसे मागणारा गिऱ्हाईक कधीं कोणीं पाहिला आहे का? एवढा प्रश्न मनाशीं विचारला तरी पुरे.

आतां त्या गृहस्थांचें उत्तर. आठ दिवसांनीं तें आलें. रागाचा शब्दहि त्यांत नव्हता. “मलाहि दिसलें होतें, तेव्हां चूक एकट्या आपली नाहीं,” असें त्यांनीं लिहिलें होतें. पुढें लिहिलें होतें कीं, अशींच दुहेरी आंकड्यांचीं म्हणून घेतलेलीं आणखी दोन प्रूफ नाणीं त्यांच्यापाशीं आहेत, आणि माझ्या कसोट्या ते त्यांना लावून पाहणार आहेत. त्यानंतर महिन्यानें एक ओळ आली: पहिल्या नाण्यावरचा दुसरा आंकडा दिव्याबरोबर चालूं लागला. दुसऱ्या नाण्याविषयीं त्यांनीं अजून कळविलेलें नाहीं, आणि मींहि विचारलेलें नाहीं.

गांधीजींचें नाणें पुन्हां आपल्या डबींत गेलें आहे. तें विकावयाचें नाहीं असें बहिणीनें ठरविलें आहे. चिठ्ठीवर मात्र मेहुण्यांच्या अक्षराखालीं मीं एक ओळ वाढविली, तीहि बहिणीच्या परवानगीनें: “नऊ एकच आहे. दिवा फिरवून पाहिलें.” आणि ज्या हातानें दिवा फिरला, त्या हाताला माझें जुनें भिंग बक्षीस दिलें आहे.